वृंदाचे सहा गुण

नाशिकच्या उत्तरेस, वणीच्या वाटेवर, सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर दिंडोरी वसले आहे. द्राक्षबागांचा तालुका ही त्याची आजची ओळख. परंतु महाराष्ट्रातील असंख्य घरांत दिंडोरीचे नाव निघाले की प्रथम आठवते ती आरती. श्री स्वामी समर्थ सेवामार्गाचे प्रधान केंद्र येथे आहे आणि या मार्गाच्या गावोगावच्या केंद्रांतून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने सामुदायिक आरती होते. प्रथमच आलेल्या माणसाला तेथे कोणी चाल शिकवीत बसत नाही. शेजाऱ्याचा स्वर त्याला ओढून घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत तो त्या समूहाचा झालेला असतो.

दिंडोरीचा सारा परिसरच गाणारा आहे. नाशिकहून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले भाविक देवीची गाणी म्हणत याच रस्त्याने पुढे जातात. पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव मांडला जातो आणि पावरीच्या सुरावर फेर धरला जातो. गावोगावी हरिपाठ आहे, एकादशीचे भजन आहे, महिलांची भजनी मंडळे आहेत. एकत्र गाणे येथे कोणाला नव्याने शिकवावे लागावे, अशी स्थिती नाही.

आणि तरीही स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी शाळांच्या मैदानांवर दिसणारे दृश्य विचार करावयास लावणारे असते. ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रित गीत लागते, समोर रांगेत उभी असलेली मुले ओठ हलवतात, आणि टाळ्या पडतात त्या यंत्रातून आलेल्या आवाजाला. हे चित्र एकट्या दिंडोरीचे नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य गावांचे आहे. जेथे ध्वनिमुद्रण नसते, तेथे दोन-चार मुले बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि उरलेली त्या आवाजाच्या आड लपतात. गाणारा समाज आणि न गाणारी शाळा, ही विसंगती कशामुळे निर्माण झाली? उत्तर साधे आहे. समूहाला गाता येते. समूहाला गाववून घेणारा माणूस आपण घडवलेला नाही.

देवगिरीचा वारसा

वृंदगानाचा विषय निघाला की अनेकांना तो पाश्चात्त्यांकडून आलेला वाटतो. हातात छडी घेतलेला वृंदसंचालक, समोर स्वरलिपीची पाने घेऊन उभे असलेले गायक, असे चित्र डोळ्यांपुढे येते. चर्चच्या आश्रयाने युरोपात आणि आपल्या गोव्यातही ही परंपरा समृद्ध झाली, यात शंका नाही. पण म्हणून आपल्याकडे याचा विचारच झाला नव्हता, असे मानणे हे स्वतःच्या घराची माहिती नसल्याचे लक्षण आहे. सामगानातच गायनाची वाटणी आहे. प्रस्तोता आरंभ करतो, उद्गाता मुख्य भाग गातो, प्रतिहर्ता पुढचा भाग उचलतो आणि अखेरचे निधन तिघे मिळून गातात.

याहून नेमके विवेचन सापडते ते महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिल्या गेलेल्या ग्रंथात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याने गायकांचे तीन प्रकार सांगितले : एकटा गाणारा, दुसऱ्याच्या जोडीने गाणारा आणि वृंदात गाणारा. उत्तम वृंदाची रचनाही त्याने दिली आहे. चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक, अशी ही बत्तीस जणांची मांडणी. संख्येपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याने सांगितलेले वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकाचे अनुसरण, स्वरांचे मिलन, तालाचे अनुवर्तन, परस्परांच्या त्रुटी सावरून घेणे, तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती आणि आवाजांचे सादृश्य. आठशे वर्षांपूर्वीचे हे सहा शब्द म्हणजे आजच्या शाळेतील, मंदिरातील वा मंडळातील गीतप्रमुखासाठी संपूर्ण अभ्यासक्रमच आहे.

अनुसरण आणि मिलन

पहिला गुण अनुसरणाचा. समूहाने अनुसरण करावे, यासाठी मुख्याने आधी अनुसरण्याजोगे काही दिले पाहिजे. आणि ते म्हणजे षड्ज. आपल्याकडील बहुतेक समूहगीते पहिल्या ओळीलाच बिघडतात, कारण सुरुवात करणारा स्वतःच्या सोयीचा सूर धरतो. पुरुष साधारणपणे काळी एकच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. या दोहोंत चार-पाच स्वरांचे अंतर पडते. मिश्र समूहाला कोणा एकाचा सूर लादून चालत नाही. यावर सोपा उपाय असा की गीतातील सर्वांत उंच स्वर आधी सर्वांकडून म्हणवून पाहावा. तो ताण न पडता लागला, तर षड्ज योग्य. लागला नाही, तर तेथेच खाली यावे. राष्ट्रगीताचेच उदाहरण घ्या. त्याचा आरंभ शांत, मध्यसप्तकात आहे. पण अखेरच्या जयघोषात ते तारषड्जाला जाऊन भिडते. उत्साहाच्या भरात आरंभ उंच केला, की नेमका तो जयघोषच फाटतो. दोष कंठांचा नसतो, तो आरंभ करणाऱ्याचा असतो.

सूर दिल्यावर इशारा. समूहाने एकदम उचल घ्यावयाची असेल, तर त्याने एकदम श्वास घेतला पाहिजे. मुख्याचा हात वर जातो तो श्वासासाठी आणि खाली येतो तो पहिल्या अक्षरासाठी. ‘एक, दोन, तीन’ असे ओरडून जे साधत नाही, ते स्वच्छ श्वासाने साधते. शेवटही तसाच. अखेरचे अक्षर केव्हा सोडावयाचे, हे हाताने दाखवले नाही, तर गीत संपत नाही. ते विस्कटत जाते.

दुसरा गुण मिलनाचा, आणि हा कानाचा गुण आहे. समूहात गाणाऱ्याने स्वतःच्या आवाजाहून शेजाऱ्याचा आवाज अधिक ऐकावा, हे शिकविण्यासाठी फार मोठ्या ज्ञानाची गरज नाही. सर्वांना एकच स्वर आकारात धरावयास सांगावे, आणि हळूहळू इतका मंद करावा की प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे आवाज ऐकू यावेत. रोज पाच मिनिटे एवढे केले, तरी महिन्याभरात समूहाचा पोत बदलतो. पक्क्या सुराची मुले एकत्र न बसवता मागच्या ओळींत विखरून बसवावीत. त्यांचा स्वर पुढच्यांच्या कानी पडतो आणि डळमळीत आवाज सावरतात. सर्वांत मोठा आवाज असलेल्या मुलाला पुढे उभे करण्याची आपली पद्धत मात्र घातक आहे. त्याने समूह त्याच्यामागे जात नाही. समूह गप्प होतो.

ताल आणि चोपदाराचा दंड

तिसरा गुण तालाच्या अनुवर्तनाचा. एकत्र गाणाऱ्यांची लय वाढत जाणे हा सार्वत्रिक अनुभव आहे. आरती ज्या लयीत सुरू होते, त्या लयीत ती क्वचितच संपते. टाळ्या आणि झांजा लय धरून ठेवण्याऐवजी तिला पुढे ढकलतात. राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनाचा अवधी सुमारे ५२ सेकंद ठरलेला आहे. घड्याळ हातात धरून तो एकदा तपासून पाहावा. आपली लय कोठे आहे, हे प्रत्येक शाळेला कळून येईल.

या बाबतीत वारकरी दिंडीसारखा गुरू नाही. पुढे पताका, दोन्ही बाजूंस टाळकरी, मध्ये मृदंग आणि मागे वीणेकरी. चाल विणेकऱ्याच्या अनुमतीने बदलते आणि शेकडो टाळ एका ठोक्यावर पडतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी पोहोचल्यावर समाजआरतीच्या वेळी जे घडते, ते तर वृंदसंचालनाचा जगात कोठेही सहज न आढळणारा नमुना आहे. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो वारकऱ्यांचे टाळ-मृदंग क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तर तेवढी एकच दिंडी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, आणि मगच सारे शांत होते. मुख्याचा अधिकार आणि समूहातील लहानातल्या लहान घटकाचा आवाज, या दोहोंचा इतका सुंदर मेळ घालणारी ही रीत आहे. अधिकार त्या दंडात आहेच; पण तो टिकतो ऐकून घेण्यामुळे.

ज्याला गप्प केले, तो

चौथा गुण परस्परांच्या त्रुटी सावरून घेण्याचा. शार्ङ्गदेवाची सारी यादी एका पारड्यात टाकली आणि हा एक गुण दुसऱ्या पारड्यात, तर कदाचित दुसरेच जड ठरेल. याचा व्यावहारिक अर्थ श्वासाशी आहे. दीर्घ ओळीत सर्वांनी एकाच जागी श्वास घेतला, तर ओळ तुटते. शेजाऱ्याचा स्वर चालू असताना आपण श्वास घेतला, तर ओळ अखंड राहते. एकट्या गायकाला जे अशक्य आहे, ते समूहाला असे शक्य होते.

परंतु याचा दुसरा अर्थ अधिक खोल आहे. शाळेतील गीतपथकाची निवड होताना बेसूर वाटणाऱ्या मुलाला सांगितले जाते, ‘तू नुसते ओठ हलव.’ सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. कार्यक्रम चांगला व्हावा, एवढीच इच्छा असते. पण त्या मुलाने त्या दिवशी जे ऐकले, ते तो जन्मभर विसरत नाही. मोठेपणी तो आरतीत टाळ्या वाजवतो, राष्ट्रगीताला ताठ उभा राहतो, पण गात नाही. अशी मुले एका वर्गात पाच असली, तरी एका पिढीत ती किती होतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्या मुलाचा सूर लागत नाही, त्याला बहुधा कोणी सावकाश ऐकवलेलेच नसते. त्याला दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये उभे करावे, त्याच्या पट्टीतील स्वर त्याला शोधू द्यावा, घाई करू नये. बहुतेकांचा सूर काही आठवड्यांत जागेवर येऊ लागतो. आणि एखाद्याचा नाहीच आला, तर तीस आवाजांचा वृंद एका आवाजाची त्रुटी सावरून घेऊ शकत नसेल, तर तो वृंद कसला?

पाचवा गुण तिन्ही स्थानांतील संचाराचा. मंद्र, मध्य आणि तार या तिन्हींचा भार एकाच गळ्यावर टाकावयाचा नसतो. तो वृंदात वाटून घ्यावयाचा असतो. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो. आठवीतील एखादा मुलगा, जो सहावीत पथकाचा मुख्य गायक होता, तो अचानक हसण्याचा विषय होतो आणि गाणे सोडून देतो. त्याला त्या काळात खालच्या स्वरांची जबाबदारी द्यावी, वरच्या स्वरांना थांबण्याची मुभा द्यावी आणि हा निसर्गक्रम आहे, हे वर्गासमोर सांगावे. इतक्या साध्या गोष्टीने तो वृंदात टिकतो.

सहावा गुण आवाजांच्या सादृश्याचा. याचा अर्थ सर्वांनी एकाच गायकाची नक्कल करावी, असा नाही. स्वरांचा उच्चार सारखा झाला, की आवाज आपोआप एकजीव होतात. ‘आ’ उघडा आहे की मिटलेला, ‘ए’ पसरट आहे की गोल, हे ठरवून घेतले पाहिजे. कोकणा बोलीत वाढलेले मूल, मराठी घरातील मूल आणि नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्या कुटुंबातील मूल एकाच ओळीत उभे राहून एकच अकार काढतात, तेव्हा एकात्मतेवरील दहा भाषणांनी न होणारे काम झालेले असते.

स्वराचे सामर्थ्य

हे सारे एका शालेय कार्यक्रमासाठी? असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर नाशिकच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्याने नाशिकमध्ये जी जागृती केली, तिचे एक प्रमुख साधन गीत होते. कवी गोविंदांची पदे आणि पोवाडे मेळ्यातील मुले एका आवाजात गात. ती गीते कागदावर असती, तर काही शेकडो लोकांपर्यंत पोहोचली असती. ती ओठांवर होती, म्हणून सत्तेला तिची भीती वाटली. गोविंदांच्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

संगीताला दरबारातून काढून समाजात आणणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या या पुरुषाने रामधून जनसामान्यांच्या कंठात रुजवली. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला असतानाही त्यांनी वंदे मातरम् पूर्ण गायिले, ही घटना सर्वश्रुत आहे. त्यांच्याच परंपरेतील पं. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभे केले आणि तेथे वृंदगान जोपासले. महाराष्ट्रात संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांच्या विशाल समूहगानासाठी आपली प्रतिभा वेचली. एवढी थोर परंपरा असता आपण ध्वनिमुद्रणावर येऊन थांबावे, हे शोभणारे नाही.

बाल्टिक किनाऱ्यावरील एस्टोनिया हा चिमुकला देश या संदर्भात आठवतो. १८६९ मध्ये तार्तू या नगरात त्यांचा पहिला गीतमहोत्सव भरला. पुढे सोव्हिएत सत्तेच्या काळातही ही परंपरा त्यांनी मोडू दिली नाही. १९८८ मध्ये ताल्लिनच्या गीतमैदानावर लक्षावधी लोक जमले, गायिले आणि १९९१ मध्ये तो देश पुन्हा स्वतंत्र झाला. केवळ गाण्याने राज्ये उलथत नाहीत, हे खरे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी वृंदप्रमुख घडवले नसते, तर त्या दिवशी एका सुरात गाणारा समाज त्यांना आयता मिळाला नसता.

भाव आणि सूर

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘देवाला भाव हवा, सूर नव्हे, देशभक्ती मनात असावी, ती काळी एक की काळी दोन, याने काय फरक पडतो?’ आक्षेप प्रामाणिक आहे आणि म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. भाव असलेला मनुष्य मूर्तीसमोरची रांगोळी वेडीवाकडी काढीत नाही; नैवेद्य करपलेला ठेवीत नाही. मग स्वरच तेवढा निष्काळजीपणे का अर्पण करावा? शिवाय समूहगानात सूर सांभाळणे म्हणजे दुसऱ्याचे ऐकणे. ज्याला शेजाऱ्याचा स्वर ऐकू येत नाही, त्याच्या भावाची मजल स्वतःच्या पलीकडे जात नाही. शाखेवरील सांघिक गीतातही हाच अनुभव येतो. गीत सांगणारा स्वतःच्या आवाजात रमला, की मागून येतो तो घोष. त्याने सूर बेताचा धरला आणि ओळ नीट दिली, की मागून येते ते गीत.

पुढे काय करावे?

वंदे मातरम्‌च्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर सामूहिक गायन झाले. फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्रालाही अधिकृत राज्यगीत लाभले आहे. गाण्याचे प्रसंग वाढले आहेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मात्र संगीताला सहसा स्वतंत्र शिक्षक नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलाशिक्षणाला महत्त्व दिले, हे स्वागतार्ह. पण शासनाकडून शिक्षक येईपर्यंत एक पिढी ओठ हलवीत राहील.

सुदैवाने दिंडोरीसारख्या तालुक्याला बाहेरून काही आणण्याची गरज नाही. गावातील भजनीबुवांना चाल आणि लय कळते, मृदंगवाल्याला ठेका कळतो, पाड्यावरच्या पावरीवाल्याला फेर एका दमात कसा ठेवावा, हे कळते. या मंडळींना आठवड्यातून एक तास शाळेत सन्मानाने बोलवावे. त्यांच्याबरोबर गाण्याची आवड असलेल्या एका शिक्षकाने वा शिक्षिकेने उभे राहावे आणि ही विद्या उचलावी. एक तानपुरा किंवा पेटी पुरे. वर्षभरात पाचच गीते घ्यावीत, पण ती सर्व मुलांनी, ध्वनिमुद्रणाशिवाय, पूर्ण म्हणावीत.

भारत विकास परिषदेसारखी संस्था १९६७ पासून राष्ट्रीय समूहगान स्पर्धा घेत आली आहे. अशा स्पर्धांनी अनेक शाळांना गाते केले, त्यांचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु स्पर्धेत मूठभर मुले जातात. पथक जिंकले आणि उरलेली शाळा मुकी राहिली, तर त्या ढालीचे मोल किती? स्पर्धेचे पथक हे गाणाऱ्या शाळेचे फळ असावे, न गाणाऱ्या शाळेचे झाकण नव्हे.

आणि वृंदप्रमुखाची परीक्षा कशी घ्यावी? ती सोपी आहे. गीत निम्म्यावर आले असता त्याने स्वतःचा आवाज थांबवावा, हात खाली घ्यावा आणि ऐकावे. सूर ढळला नाही, लय पळाली नाही, मागच्या रांगेतील संकोची मूलही गात राहिले, तर त्याचे काम झाले. संघटनेच्या कोणत्याही क्षेत्रात कार्यकर्त्याच्या कामाची कसोटी याहून वेगळी नाही. येत्या प्रजासत्ताकदिनी एखाद्या शाळेने तरी ध्वनिक्षेपकाची कळ बंद करावी आणि मुलांचा स्वतःचा आवाज गावाला ऐकवावा. तो प्रारंभी थोडा कच्चा असेल. पण तो त्यांचा स्वतःचा असेल.